अठरा नंबरचा काठ

३ नोव्हेंबर

साऊ आज अकरापर्यंत उभी राहिली. शिलाई मशीनच्या पायाला धरून नाही, नुसती. मी आकडे मोठ्यानं म्हणत होते. बारा म्हणायला तोंड उघडलं आणि ती धपकन बसली. वर स्वतःलाच टाळ्या वाजवल्या बयेनं. साडेचार वर्षांची झाली. जन्मली तेव्हा सांगितलेलं, हिनं मान धरली तरी खूप समजा. समजते हो डॉक्टर, लय समजते.

कराडहून थेरपी करून येताना एस.टी.त शेजारची बाई, "किती महिन्यांचं हाय बाळ?" म्हटलं, चोपन्न. पलूस येईपर्यंत बोटांवर मोजत बसली.

ही वही मापांची. पुढून गिऱ्हाइकांची ब्लाउजं, मागून मी. मागून कोणी उघडत नाही.

६ नोव्हेंबर

रविवारी नणंदेला बघायला कडेगावची मंडळी येणार. शीतलची बी.फार्मसी झाली, चोविशी गाठली, आत्याला रात्रंदिवस तेवढंच.

आत्या म्हणजे माझी सासू. बाबांची सख्खी बहीण. तिच्याच पोराला मला दिली, त्यामुळं सासूबाई म्हणायला जीभ कधी वळलीच नाही.

आज भाकरी करता करता, "मने, साऊला घेऊन म्हायेरी जा दोन दिस."

"का?"

"उगं लोकास्नी इचारायला जागा नगं."

म्हटलं, आत्या, माझं माहेर ते तुझंच माहेर. चल की दोघी जाऊ. शीतल देईल चहा करून पाहुण्यांना.

पिठाचा डबा असा आपटला की साऊ दचकली. कानात मशीन घातलेलं असलं की दचकते. नसलं की ढोल बडवा.

नाही जाणार. साऊ काय खरकटं आहे झाकून ठेवायला?

९ नोव्हेंबर, रविवार

मंडळी येऊन गेली. साऊ सोप्यात, माझ्या मांडीवर. पिवळा फ्रॉक, कानात मशीन, केसांत दोन क्लिपा. मुलाच्या आईनं तिच्याकडं बघितलं, मग पोह्यांकडं बघितलं. विचारलं काही नाही. मुलगा ओंकार, साखर कारखान्यात केमिस्ट. साऊनं त्याचं बोट धरलं तर त्यानं सोडवून घेतलं नाही, डाव्या हातानं पोहे खाल्ले.

संध्याकाळी पसंतीचा फोन. लग्न फेब्रुवारीत. आत्यानं देवापुढं साखर ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "वाचलो बाई." कशातून वाचलो ते मी विचारलं. तिनं दिव्याची वात सारली.

११ नोव्हेंबर

वि., माझा नवरा, सुट्टीवर आला. सात महिन्यांनी. साऊ माणूस वासानं ओळखते. आधी रडली, मग त्याच्या गळ्यात नाक खुपसलं आणि गप्प. एवढा मोठा फौजी, डोळे पुसायला ट्रंकेत काहीतरी शोधायचं नाटक करतो.

१३ नोव्हेंबर

मिरज. महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या नव्या डॉ. बाई. गुणसूत्रांच्या. वि., मी, साऊ, आणि आत्या हट्टानं आली.

साऊचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचाच आहे. अठरा नंबरच्या गुणसूत्राचं टोक नाही आणि तीन नंबरचं टोक जादा. त्यातूनच सगळं. अंग सैल, कानाच्या नळ्या बारीक, हृदयाला भोक (ते बुजलं आपलं आपण), ताप चढला की फिट, दूध ओढायला जमायचं नाही म्हणून वर्षभर वाटी-चमचा. तेव्हाच सांगितलं होतं आई-बापाचं रक्त द्या. वि. म्हणाला मला काय झालंय. मी म्हटलं मग मी पण नाही देत जा. दोघं शहाणे.

डॉ. बाई जुना कागद वाचत, "नात्यातलं लग्न नाही ना?"

आत्याच बोलली. "न्हाई न्हाई. नात्यातली कशी असंल? माझ्या भावाचीच लेक केलीया."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

आता हसू येतंय. पण पहिल्या वेळी मीच 'नाही' लिहून दिलं होतं, आणि खोटं बोलावं म्हणून नाही. आमच्याकडं नात्यात म्हणजे चुलतात. शी. आत्याच्या घरी मुलगी देणं कोण नात्यात धरतं? तो हक्कच. मी रांगत होते तेव्हापासून मला 'विक्याची बायको' म्हणायचे. बी.ए. झाले तरी डोक्यात उजेड नाही.

बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन पुरुष, गोल बायका. वि.ची रेघ आत्यातून, माझी रेघ बाबांतून, वर जाऊन दोन्ही एकाच जोडीला मिळाल्या. आत्या वाकून, "ह्यो आमचा आण्णा व्हय?" तिचे वडील. माझे आजोबा. चौकोनात बसलेले.

बाई नीट बोलल्या. म्हणाल्या, नात्यात लग्न केलं म्हणून हे झालेलं नाही, ते डोक्यातून काढा. पण तुम्ही दोघं एकाच घरातले, तेव्हा कुठल्याही बाजूनं आलेलं असेल. कदाचित कोणाकडूनच नाही, नव्यानं झालं असेल. रक्त द्या, कळेल. मग विचारलं, घरात कोणाची मुलं पोटातच गेलीत का? मी नाही म्हटलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

विचारलं, बोलेल का? शाळेत जाईल? म्हणाल्या, "हाच जोड असलेलं दुसरं मूल मला कुठंच सापडलं नाही. त्यामुळं तिला काय जमणार नाही, हे मी सांगणार नाही." आवडल्या मला. पहिल्यांदाच कोणीतरी साऊसमोर तोंड पाडून बसलं नाही.

१४ नोव्हेंबर

रक्त दिलं दोघांनी. वि.नं सुई बघून भिंतीकडं तोंड केलं. बंदुकीला भीत नाही म्हणे. बाहेर आल्यावर खरं काय ते बोलला. "काय निघालं तर माझी मेडिकल कॅटेगरी जाईल का गं?" बाईंना विचारून आले परत. नाही जात, तुमच्या तब्येतीला काहीच नाही, म्हणाल्या. मग त्यानं उसाचा रस पाजला मला.

२० नोव्हेंबर

साऊची छाती भरली. पाणी श्वासनळीत जातं तिच्या, घट्ट करून द्यायला लागतं, आणि परवा पाहुण्या बाईनं मायेनं पेल्यानं पाजलं. दोन दिवस दवाखाना, वाफ, सलाईनला शीर सापडेना. कंपाउंडर म्हणतो, असल्या पोरांचं असंच असतं. म्हटलं, असल्या म्हणजे कसल्या? नाव आहे तिला. केसपेपरवर लिहिलंय, वाचा.

वि. रात्रभर नळीजवळ हात धरून उभा. बसला नाही.

२२ नोव्हेंबर

घरी. उभं राहणं गेलं. दोन आकड्यांत बसते. कराडच्या मॅडम म्हणाल्या, येईल परत, आजारपणात असं मागं जातंच. ठीक आहे. एकपासून मोजू.

२९ नोव्हेंबर

वि. गेला. गाडीवर सोडायला साऊला नेलं नाही. चुकलं. दिवसभर दाराकडं बघत होती.

६ डिसेंबर

रिपोर्ट आले. माझा साधा. वि.च्या अठरा आणि तीन नंबरच्या टोकांची अदलाबदल झालीय. त्याच्यात काही कमी नाही, काही जादा नाही, फक्त जागा बदलल्यात. म्हणून तो धडधाकट. साऊला त्यातलं अर्धंच आलं.

आनंद झाला मला. खरं लिहिते, इथं कोण बघतंय. साऊ पोटात होती, सातवा महिना, ग्रहण लागलेलं आणि मी मशीनवर. लग्नसराईची ऑर्डर. आत्या ओरडली, कात्री ठेव. मी ठेवली नाही. मग साऊ झाली. साडेचार वर्षं हळदी-कुंकवात, बारशात, कुठंही गेलं की बायका कुजबुजतात, ग्रहणात कात्री चालवली हिनं. शीतलसुद्धा एकदा भांडणात म्हणालेली. आणि मी, बी.ए. झालेली, अमावस्येला कात्री हातात घेताना थबकायची. कुणाला सांगितलं नाही कधी.

कात्री नाही. मी नाही. चार वेळा वाचला कागद.

मग वि.ला फोन करायचा होता आणि आनंद कुठल्या कुठं गेला. तो पहिल्यांदा म्हणाला, "माझाच हाय का? नाव बघ नीट." बघितलं. मग म्हणाला, "तुला लय बोलली गं सगळी." आणि मग, "मला कुणाकडनं आलं? मने, शीतलचं काय?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ते.

८ डिसेंबर

मिरजेला फोन केला होता. बाई म्हणाल्या, हे त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं असेल, आणि तसं असेल तर बहिणीतही असण्याची शक्यता आहे. असलं तरी तिला मुलं होऊ शकतात, धडधाकटही होतात, पण आधी कळलेलं बरं. गरोदरपणात लवकर तपासता येतं.

वि.चे बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. राहिली आत्या.

दुपारी तिला मशीनजवळ बसवलं. बाईंची चित्रं तिला कळली नव्हती. दोन हिरवे ब्लाउजपीस घेतले, दोन लाल. म्हटलं, हिरवा म्हणजे अठरा नंबर, लाल म्हणजे तीन नंबर, प्रत्येकाकडं असे दोन हिरवे, दोन लाल. विक्रमच्या एका हिरव्याचा काठ एका लालला लागलाय आणि त्या लालचा हिरव्याला. मोजून बघ, कापड तेवढंच. म्हणून त्याला काही होत नाही. पण पोराला देताना एक हिरवा, एक लाल एवढंच द्यायचं असतं. साऊला आला काठ बदललेला हिरवा, आणि लाल आला तो साधा. म्हणजे हिरवा काठ कमी, लाल काठ जादा. आणि आत्या, कधीकधी असं काही जुळतच नाही, मग मूल राहतच नाही पोटात.

आत्या हिरव्या काठावरून बोट फिरवत बसली. मला वाटलं कळलं नाही.

मग म्हणाली, "तीन गेली माझी. विक्याच्या मागनं लगीच दोन, मग शीतलच्या आदी एक. पाचव्या म्हैन्यात गेली एक. नाक-डोळं आल्तं."

मला माहीत नव्हतं. वि.लाही नाही.

"सासूनं मला दोन वरसं कुणाच्या वटीभरणीला न्हेलं न्हाई. पांढऱ्या पायाची म्हनली. बारशाला बोलावनं आलं की मला रानात धाडायची." मग माझ्याकडं बघून, "आनी म्या तुला कात्रीवरनं बोल लावला."

मला रागही आला होता आणि तिला धरून रडावंसंही वाटत होतं. शेवटी चहा टाकला.

९ डिसेंबर

सकाळी आत्या परत पहिल्यासारखी. "शीतलला सांगायचं न्हाई. लगीन झाल्यावर बघू."

"लग्न झाल्यावर तिला दिवस गेल्यावर बघू?"

"मोडंल गं! एकदा मोडलं की मागं लागतंय ते. गावभर हुईल. तू सांगू नगंस, तुला साऊची आन हाय."

साऊची आण! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, तिची आण घालू नकोस, तिच्या अंगावर पुरेसं आहे.

वि.ला फोन. आधी म्हणाला सांगायला पाहिजे. मग आत्याशी बोलला अर्धा तास. मग मला म्हणाला, "आई म्हणते तसं करू, दोन महिन्यांचा प्रश्न आहे." वा रे जवान. घरात दोघंच असलो की मी त्याला अरे-तुरे करते. आज आत्यासमोर केलं.

१० डिसेंबर

दिवसभर शीतलच्याच लग्नाची ब्लाउजं बेतली. ती आरशासमोर उभी राहून बाही केवढी ठेवायची विचारते. मी टाचण्या तोंडात धरून हूं हूं करते. साडेचार वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले, साऊला लपवू नका. आणि आता मीच लपवतेय.

नाही जमत मला.

११ डिसेंबर

सांगितलं. आत्या रानात गेल्यावर. कापड नाही, चित्र नाही, नुसतं सांगितलं. फार्मसी झालेली पोरगी, अर्ध्या वाक्यात कळलं तिला. पांढरी फटक पडली. "मला असलं तर मलाही साऊसारखं..." आणि थांबली, कारण साऊ तिथंच तिच्या ओढणीचा गोंडा चोखत होती.

म्हटलं, होईल किंवा नाही होणार. साऊसारखं झालं तर साऊसारखं होईल. पण तुला माहीत असेल. मला नव्हतं.

मग म्हणाली, "मनीताई, मी तुला कात्रीवरून बोलले होते." लग्नाआधी मनीताईच म्हणायची. म्हटलं, बोलली होतीस. माफ नाही केलेलं अजून, करेन. हसली रडता रडता.

आत्याला तिनंच सांगितलं संध्याकाळी. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. आत्यानं चूल पेटवली, भाकऱ्या केल्या, माझ्या ताटात वाढल्या.

१५ डिसेंबर

शीतल आणि मी मिरजेला निघालो तर आत्या पायरीवर, नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन. "कुठं?" "तुमी जाताय तितं."

शीतलचं रक्त घेतलं. रक्त घेणारी पोरगी बाटलीवर नाव चिकटवत होती तोवर आत्या खुर्चीत बसली, पदर सारला, हात पुढं केला. "माझं बी घ्या."

"मावशी, तुमची गरज नाही आता, या वयात..."

"मला गरज हाय. तीनदा गरज व्हती. तवा कुनी घेतलं न्हाई."

डॉ. बाईंना फोन झाला. घ्या म्हणाल्या.

परत येताना उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबलेला. तासभर एका जागी. तिघी शेंगा खात बसलो. शीतल म्हणाली ओंकारला सांगणार, रिपोर्टची वाट बघणार नाही. आत्या म्हणाली, "सांग." एवढंच.

१८ डिसेंबर

शीतलनं सांगितलं. कराडला भेटून. त्यानं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, ते दोन्ही बरे होते म्हणे. मग म्हणाला, घरी बोलतो.

२१ डिसेंबर

फोन नाही.

२३ डिसेंबर

फोन नाही. शेजारच्या काकी ब्लाउज टाकायला येऊन, "काय गं, ऐकलं ते खरं का?" म्हटलं, काय ऐकलं ते सांगा, म्हणजे खरं-खोटं सांगते. ब्लाउज न टाकताच गेल्या.

घाबरलेय मी. शीतलचं लग्न मोडलं तर माझ्या तोंडानं मोडलं, हे जन्मभर राहील. वि. म्हणाला नाही असं, पण गप्प बसतो त्यातून कळतं. तरी परत सांगायची वेळ आली तर परत सांगेन.

२६ डिसेंबर

साऊ नऊपर्यंत. आणि पाणी पाहिजे असलं की तळहातावर बोट आपटते, मॅडमनी शिकवलेली खूण, चार महिने मी वेड्यासारखी तिच्यापुढं आपटत होते. आज तिनं आपटलं. घट्ट पाणी दिलं तर वाटी ढकलून परत आपटलं. पाणी नको होतं. गूळ पाहिजे होता! पाण्याची खूण गुळाला वापरली टवळीनं. दिला. मोठा खडा दिला.

ओंकारचा शीतलला मेसेज: घरी चालू आहे, थांब. तो थांब म्हणतोय म्हणजे तो स्वतः थांबलाय, असं शीतल म्हणते. बघू.

२ जानेवारी

ओंकारच्या आईचा फोन. शीतलला नाही, घरच्या नंबरला. शीतलनं उचलून स्पीकरवर टाकला. आत्या परातीत पीठ मळत होती. साऊ तिच्या पाठीला टेकून.

इकडचं-तिकडचं झालं. मग त्या, "राग मानू नका. आमचा पोरगा हट्टाला पेटलाय, त्यानं सगळं सांगितलं. आमाला एकच कळू द्या. ती बारकी पोरगी हाय ना तुमची, ती गेली कुणावर? म्हंजी आलं कुणाकडनं हे? सुनंकडनं आलं असंल तर शीतलला काय न्हाई ना मग?"

वाट होती ती. सरळ, मोकळी. हो म्हटलं की लग्न. सून म्हणजे मी. शीतल माझ्याकडं बघायला लागली. माझ्या तोंडात अठरा नंबर, तीन नंबर सगळं तयार होतं.

आत्यानं पिठाच्या हातानं फोन ओढून घेतला.

"माझ्यावर गेलीया."

पाठीला टेकलेल्या साऊला एका हातानं सावरलं.

"सुनंचा काय संबंध न्हाई. माझ्याकडनं आलंय. माझी तीन त्यातच गेली. एक फौजेत हाय, एक तुमी बघून गेलाय. आनी नात माझी नऊ आकडं हुबी ऱ्हाती. शीतलला हाय का न्हाई ते कागद आल्यावर कळंल, आलं की तुमाला पैलं सांगू. लपवून पोरगी देनार न्हाई आमी. आता तुमी काय ते ठरवा."

त्या म्हणाल्या, बघतो, घरी विचारतो, कागद येऊ द्या. आत्या म्हणाली, बघा की. ठेवला फोन. फोनला सगळं पीठ.

मग हात धुवायला मोरीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता. आम्ही दोघी पण नाही गेलो आत.

शीतलचा आणि आत्याचा, दोन्ही कागद मंगळवारी मिळणार. शीतल म्हणाली, तिघी जाऊ. म्हटलं चौघी. साऊच्या कानाची तपासणी पण तिथंच आहे.